पायाचे माप आणि चाकाचे माप

गेल्या उन्हाळी सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला तो एक भलतेच सामान घेऊन. एकच चाक, त्यावर फोर्क, फोर्कवर सीट. हँडल नाही, साखळी नाही, ब्रेकही नाही. सर्कशीत आपण पाहतो ती एकचाकी. गल्लीतली पोरे गोळा झाली, आणि हा पठ्ठ्या मशिदीच्या कोपऱ्यापासून किराणा दुकानापर्यंत हात पसरून आरामात फिरून आला. त्याची एकचाकी २० इंची चाकाची आहे. आता त्याला ३६ इंची हवी होती. घरात याच विषयावर वाद चालला होता.

"तुझे पाय पोचणार नाहीत," असे त्याच्या अब्बांनी एका वाक्यात सांगून टाकले होते. मुलगा १५ वर्षांचा आहे, पण उंची आमच्या घराण्याची, म्हणजे बेताचीच. तो कैफियत घेऊन माझ्याकडे आला. मी शिक्षिका, म्हणून नव्हे. घरात त्याच्याहून बुटकी मी एकटीच आहे म्हणून.

"खाला, तुम्हीच सांगा. उंची कमी म्हणून मोठे चाक चालवायचेच नाही का?"

"पाय पोचणार नाहीत" हे वाक्य मी लहानपणी पुष्कळ ऐकले आहे. अब्बांची काळी, २४ इंची फ्रेमची सायकल होती. सीटवर बसायचा प्रश्नच नव्हता. मग नळीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डावा हात हँडलवर, उजवा हात सीटवर, कंबर वाकडी, आणि अर्धे पायडल मारत कैची चालवायची. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी सायकल अशीच शिकली. ज्याला माप बसत नव्हते त्याने मापालाच बगल दिली.

भाच्याला उत्तर देण्यापूर्वी मी थोडे वाचले, थोडी आकडेमोड केली. तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न आमच्या घरातला नाही. सायकलीच्या इतिहासात सुमारे १५ वर्षे अशी होती की माणूस किती वेगाने जाणार हे त्याच्या पायाची लांबी ठरवत असे. त्या १५ वर्षांची गोष्ट आणि तिचा शेवट मला सर्वांना सांगण्याजोगा वाटला.

गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होते. १८६० च्या दशकात तिथे मिशो नावाच्या लोहाराच्या कारखान्यात दुचाकी बनू लागल्या. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले होते. लहान मुलांच्या तीनचाकीत असते तसेच. पायडल एकदा फिरले की चाक एकदा फिरणार, कमी नाही, जास्त नाही. चाके लाकडी, त्यावर लोखंडी पट्टी. दगडी रस्त्यावर ती गाडी इतकी हादरे की इंग्लंडात तिला चक्क 'हाडे खिळखिळी करणारी' असे नाव पडले.

१८६९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात शिवणयंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीने या फ्रेंच गाड्या बनवायला घेतल्या. पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, फ्रान्समधला धंदा बसला, आणि सायकलीची राजधानी पॅरिसहून कॉव्हेंट्रीला गेली. त्याच शिवणयंत्राच्या कारखान्यात जेम्स स्टार्ली नावाचा हुशार कारागीर होता. हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याने विल्यम हिलमन या सहकाऱ्यासह १८७० मध्ये 'एरियल' नावाच्या सायकलीचे पेटंट घेतले. जाड आऱ्यांऐवजी ताणलेल्या तारा, आणि लोखंडी पट्टीऐवजी भरीव रबर.

तारांच्या चाकाने एक नवीन शक्यता उघडली. लाकडी चाक मोठे केले की ते जड होते; तारांचे चाक मोठे करूनही हलके राहते. मग पुढचे चाक वाढू लागले. याचे कारण साधे गणित आहे. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल चाकाच्या परिघाइतकी पुढे जाते. ३६ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे २.८७ मीटर जाते, ४८ इंची ३.८३ मीटर आणि ५४ इंची ४.३१ मीटर. गिअर नाही, साखळी नाही. वेग हवा तर चाक मोठे करा, एवढा एकच उपाय. शिवाय मोठे चाक रस्त्यावरच्या खड्ड्यांवरून अलगद जाते, लहान चाक त्यांत पडते. म्हणून पुढचे चाक छातीपर्यंत आले आणि मागचे तोल सांभाळण्यापुरते उरले. ही पेनी-फार्दिंग. पेनी हे मोठे नाणे, फार्दिंग हा त्याचा चौथा भाग. आपल्या भाषेत बोलायचे तर पुढे बंदा रुपया आणि मागे चवन्नी. गंमत म्हणजे तिच्या भरभराटीच्या काळात हे नाव रूढ नव्हते. ते पुढे, तिचे दिवस फिरले तेव्हा पडले.

आता चाक वाढवायला मर्यादा कसली? लोखंडाची नाही, रबराची नाही. मर्यादा स्वाराच्या पायाची. स्वार चाकाच्या माथ्यावर बसतो आणि त्याचा पाय आसाच्याही खाली, पायडल सर्वांत खाली असते तिथवर पोचावा लागतो. म्हणजे चाकाची त्रिज्या, त्यात सीटची उंची, त्यात क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची लांबी. या तिन्हींची बेरीज पायात मावली पाहिजे. त्रिज्या ही व्यासाच्या निम्मी, म्हणून पाय १ इंच लांब असेल तर चाक २ इंच मोठे घेता येते. कपडे शिवायला माप द्यावे तसे सायकल घेताना मांडीच्या सांध्यापासून तळव्यापर्यंत माप घेतले जाई.

समजा दोन मित्र आहेत. एकाचा पाय दुसऱ्यापेक्षा ३ इंच आखूड. उंच मित्राला ५४ इंची चाक बसते, बुटक्याला ४८ इंची. दोघेही सपाट रस्त्यावर मिनिटाला ९० वेळा पायडल फिरवतात. उंच मित्र तासाला २३ किलोमीटरच्या थोडा पुढे जाईल, बुटका साधारण पावणेएकवीस. दम सारखा, सराव सारखा, पायांची गतीही सारखी. तरी तासाभरात अडीच किलोमीटरचे अंतर पडले. चढावर बुटक्याला थोडा फायदा होता, कारण लहान चाक ढकलायला सोपे. पण शर्यती सपाट मैदानावर होत आणि नावही तिथेच मिळे.

यातून काय झाले असेल हे शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. चाकाचा आकडा ही इज्जतीची गोष्ट झाली. माणसे आपल्या पायाला झेपते त्याहून मोठे चाक घेऊ पाहात. पण पायडल खाली गेले की बोटांची टोकेच कशीबशी टेकत. या सायकलीला फ्रीव्हील नव्हते. चाक फिरतेय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर द्यायचा. ज्याचा पाय तळाशी सुटतो त्याचा ताबाही तिथेच सुटतो. आणि सुटला की स्वार हँडलवरून डोक्यावर पुढे फेकला जाई. या पडण्याला इंग्रजीत वेगळे नावच होते, इतके ते नेहमीचे होते.

स्त्रियांसाठी तर हा दरवाजा जवळपास बंदच होता. लांब झग्यात त्या चाकावर चढणार कशा? त्यांच्यासाठी तीनचाकी आल्या. १८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्टार्लीची तीनचाकी मागवली, तेव्हा त्यांना प्रतिष्ठा मिळाली. पण त्या जड आणि महाग होत्या. वयस्क, बुटके, स्त्रिया, मुले यांनी बाजूला उभे राहून उंच तरुणांना जाताना पाहायचे, असाच एकंदर तो मामला होता.

या मोठ्या चाकाच्या पराक्रमाची सर्वांत मोठी कहाणी आपल्या भागातूनही गेली आहे. थॉमस स्टीव्हन्स हा इंग्लंडात जन्मलेला आणि अमेरिकेत गेलेला तरुण. सान फ्रान्सिस्कोत सायकल शिकला आणि एप्रिल १८८४ मध्ये ५० इंची चाकाची कोलंबिया सायकल घेऊन निघाला. ऑगस्टमध्ये बोस्टनला पोचला. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि युरोप ओलांडून इस्तंबूल, मग अनातोलियातून अंकारा, शिवास, एर्झुरूम, आणि तिथून इराणात तब्रीझ व तेहरान. सामान अगदी थोडे: बदलायला मोजे, एक सदरा, तंबू म्हणूनही चालेल असा एक रेनकोट, आणि पिस्तूल. तुर्की गावांत लोक त्याला घेरत आणि बसून दाखव म्हणून हट्ट धरत. तेहरानमध्ये त्याने हिवाळा काढला आणि शाह नासिरुद्दीन यांच्यासमोर सायकल चालवून दाखवली. अफगाणिस्तानातून पुढे जाण्याची परवानगी मिळाली नाही. अडवून परत पाठवले. मग लांबचा वळसा घेऊन तो बोटीने कराचीला उतरला, लाहोर गाठले आणि तिथून ग्रँड ट्रंक रोडने दिल्ली, आग्रा, अलाहाबाद, बनारस करत कलकत्त्याला पोचला. चीन आणि जपान पार करून १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामाला त्याचा सायकलप्रवास संपला. एकूण सुमारे १३,५०० मैल.

फारसीत सायकलीला 'दोचर्खे' म्हणतात, म्हणजे दोन चाकांची. 'चर्ख' आणि आपले 'चक्र' हे एकाच घरातले दोन भाऊ. 'चरखा' त्याच चर्खवरून आपल्याकडे आला. भाच्याच्या गाडीला फारसीत 'तकचर्ख' म्हणतात. 'तक' म्हणजे एकटा. हे ऐकून त्याने लगेच आपल्या एकचाकीचे नाव तकचर्ख ठेवले.

पण स्टीव्हन्सच्या प्रवासात काळाने एक थट्टा केली. तो निघाला तेव्हा जगातली सर्वांत पुढारलेली सायकल त्याच्याकडे होती. तो वाटेत असतानाच ती जुनी झाली.

खटपट आधीपासून चालू होती. कारागिरांच्या पुढे प्रश्न असा होता: वेग कमी न करता चाक लहान कसे करायचे? 'फॅसाइल' नावाच्या सायकलीत पायडल चाकाच्या आसाला न लावता लांब तरफांना लावले. त्यामुळे पायडल खाली आले आणि कमी उंचीच्या स्वारालाही सुरक्षित बसता येऊ लागले. हेन्री लॉसनने १८७९ मध्ये साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल काढली, पण ती बाजारात चालली नाही. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने आजच्या साखळीची आई म्हणावी अशी मजबूत साखळी बनवली. चांगली साखळी हाती आल्यावर वाट मोकळी झाली. १८८४ मध्ये 'कांगारू' आली. तिचे पुढचे चाक ३६ इंचांच्या आसपासच, पण दोन्ही बाजूंना साखळ्या आणि दात्यांच्या चक्र्या. पायडल एकदा फिरले की चाक एकाहून जास्त वेळा फिरणार. म्हणजे लहान चाकावर बसून मोठ्या चाकाचा वेग.

आणि १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली, म्हणजे त्याच जेम्स स्टार्लीचा पुतण्या, 'रोव्हर' घेऊन आला. चाके जवळजवळ सारखी, स्वार दोन्हींच्या मध्ये, पायडल खाली मधोमध, आणि साखळी मागच्या चाकाला. आज आपल्या दारात उभी असते ती सायकल हीच. चुलत्याने चाक मोठे केले आणि पुतण्याने ते पुन्हा जमिनीजवळ आणले. पोलिश भाषेत आजही सायकलीला 'रोवेर' म्हणतात. एका कंपनीच्या मालाचे नाव त्या वस्तूचेच नाव झाले, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसे.

जुन्या लोकांनी नाके मुरडलीच. उंचावरून जग पाहणाऱ्याला जमिनीलगत बसणे कमीपणाचे वाटले. या बुटक्या गाडीला त्यांनी पाण्यात पाहिले. मोठ्या चाकाच्या बाजूने एक मुद्दा तरी खरा होता: ते खड्ड्यांवरून हळुवार जाते, आणि लहान चाकाची रोव्हर हादरते. तो मुद्दाही १८८८ मध्ये गेला. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेले टायर बनवले. १८८९ मध्ये विली ह्यूम या स्वाराने बेलफास्टच्या शर्यतीत तेच टायर लावून बाजी मारली. त्यानंतर थोड्याच वर्षांत मोठे चाक बाजारातून उठले.

आता जरा थांबून पाहू, नेमके काय बदलले. माणसांची उंची वाढली नाही. बुटक्यांनी काही विशेष मेहनत केली म्हणून ते उंचांच्या बरोबरीला आले, असेही नाही. पाय आणि चाक यांच्यात एक साखळी आली, एवढेच. त्या साखळीने दोन मापांची फारकत केली: चाक किती मोठे आणि एका फेऱ्यात अंतर किती. १५ वर्षे सर्वांना वाटत होते की वेगवान सायकलस्वार उंचच असतो. खरे तर ती उणीव यंत्राची होती आणि नाव मात्र माणसाच्या नावावर टाकले होते.

जुन्या मापाची आठवण मात्र भाषेत राहिली. इंग्रजी परंपरेत सायकलीचा गिअर आजही इंचात सांगतात. हा आकडा काय आहे? तुमच्या सायकलीइतकेच अंतर एका फेऱ्यात जाण्यासाठी पेनी-फार्दिंगचे चाक किती इंची लागले असते, तो हा आकडा. समजा तुमच्या साध्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते आहेत आणि चाक २८ इंची आहे. ४४ भागिले १८ गुणिले २८, म्हणजे सुमारे ६८ इंच. ६८ इंची चाकावर बसायला त्रिज्येचेच ३४ इंच, त्यात क्रँक आणि सीट मिळून ४१ इंचांहून लांब पाय लागेल. असा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणजे दूधवाला, पोस्टमन, शाळेत जाणारी सातवीतली मुलगी, ही सगळी मंडळी रोज असे चाक चालवतात, जे पेनी-फार्दिंगच्या काळात सहा फुटी पहिलवानालाही झेपले नसते.

या बदलाचे फळ मुंबईनेही पाहिले. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले. तिघे वाटेत गळाले. आदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, इराकची वाळवंटे आणि पुढे युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करत मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले. त्यांच्या सायकली साध्या, सारख्या चाकांच्या होत्या. स्टीव्हन्सला निघताना पायाचे माप पाहून चाक निवडावे लागले होते. या तरुणांना तो प्रश्नच पडला नसेल.

मग आजच्या एकचाकीत हा प्रश्न पुन्हा कुठून आला? कारण एकचाकी म्हणजे पेनी-फार्दिंगचा पुढचा अर्धा भाग. पेनी-फार्दिंगला जोरात थांबवले की मागचे चाक उचलले जाई आणि त्यातूनच लोकांना एकाच चाकावर चालवण्याची कल्पना सुचली, असे म्हणतात. ही समजूत आहे, पण दोघींची जात एकच आहे यात शंका नाही. पायडल थेट आसाला. एक फेरा म्हणजे एक फेरा. २० इंची चाक एका फेऱ्यात १.६० मीटर जाते. मिनिटाला ९० फेरे मारले तर तासाला साडेआठ किलोमीटर, भरभर चालणाऱ्या माणसाच्या थोडे पुढे. ३६ इंची चाक त्याच फेऱ्यांत साडेपंधरा किलोमीटर जाते. म्हणून लांब पल्ल्याचे स्वार ३६ इंचीकडे वळतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी जुन्या मोटारींचे टायर बनवणाऱ्या कोकर या अमेरिकन कंपनीमुळे ३६ इंची टायर आणि एकचाकी लोकांना सहज मिळू लागली. अनेक वर्षे त्या मापालाच 'कोकर' म्हणत. इंग्लंडचा एड प्रॅट हा १९ वर्षांचा मुलगा २०१५ मध्ये ३६ इंची एकचाकीवर जगप्रदक्षिणेला निघाला आणि २०१८ मध्ये घरी परतला.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. आम्ही भिंतीशी त्याला अनवाणी उभे केले, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर सरकवले आणि पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण केली. जमिनीपासून खुणेपर्यंत ६९ सेंटिमीटर. ३६ इंची चाकाची त्रिज्या ४५.७ सेंटिमीटर. टायरच्या वर फोर्कचे डोके आणि सीट, अगदी खाली बसवली तरी साधारण १० सेंटिमीटर. क्रँक १२.५ सेंटिमीटरची धरली तर बेरीज ६८ च्या वर. बुटाचा तळवा दोनेक सेंटिमीटर देतो, पण गुडघा जरासा वाकलेला राहायला तेवढेच लागतात. म्हणजे काठावर पास.

क्रँक ११ सेंटिमीटरची घेतली तर दीड सेंटिमीटर सुटतो. पण इथेच बुटक्या स्वाराची खरी अडचण आहे आणि ती त्याला आधीच सांगायला हवी. मोठे चाक शिकताना लांब क्रँक सोपी पडते. तरफ लांब, म्हणून जोर कमी लागतो. चाक सुरू करणे, थांबवणे, चढ चढणे सगळे आवाक्यात राहते. उंच मुलगा १५ सेंटिमीटरच्या क्रँकवर शिकतो आणि सराव झाला की आखूड क्रँकवर जातो. बुटक्या मुलाला पहिल्याच दिवशी आखूड क्रँक घ्यावी लागते, म्हणजे शिडीची पहिली पायरी त्याच्यासाठी नसतेच. ३६ इंची चाक जड असते. ते पटकन सुरू होत नाही आणि सुरू झाले की पटकन थांबतही नाही. आखूड क्रँकवर त्याला रोखायला पायांत जास्त बळ आणि जास्त सावधगिरी लागते. चढायचेही तसेच. सीट पोटाच्या वर असते, तेव्हा सुरुवातीला एखाद्या ओट्याचा किंवा भिंतीचा आधार घेण्यात लाज नाही.

त्यामुळे मी त्याला मधली पायरी सुचवली. २९ इंची चाकाची त्रिज्या ३७ सेंटिमीटरच्या आत. त्यात १० सीटचे आणि १५ क्रँकचे मिळवले तरी ६२. त्याच्या ६९ च्या पायाला हे आरामात बसते, लांब क्रँकसुद्धा बसते. एका फेऱ्यात २.३१ मीटर, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्यांत तासाला साडेबारा किलोमीटर. मग हळूहळू क्रँक आखूड करत जायचे, म्हणजे पुढे ३६ इंचीवर जो आखूडपणा सोसावा लागणार आहे त्याची सवय इथेच होईल.

"आणि कधीच पाय पोचले नाहीत तर?" त्याने विचारले.

तेव्हा मी त्याला श्लुंफची गोष्ट सांगितली. फ्लोरियान श्लुंफ या स्विस तंत्रज्ञाने एकचाकीच्या आसातच दात्यांची चक्रे बसवली आहेत. टाचेने आसावरची कळ दाबली की पायडलच्या एका फेऱ्याला चाक दीड फेरा घेते. हिशेब करून पाहा: २४ इंची चाक गुणिले दीड म्हणजे बरोबर ३६ इंच. २४ इंची एकचाकीवर तर दहा वर्षांचे मूलही बसू शकते. हा आस महाग आहे आणि त्यावर तोल सांभाळणे नव्याने शिकावे लागते, पण तत्त्व तेच आहे जे १८८४ मध्ये कांगारूने आणि १८८५ मध्ये रोव्हरने दाखवले.

हे सर्व सांगण्यात माझा एक स्वार्थही आहे. शाळेत आम्ही सतत मापे घेत असतो. कोण पुढच्या बाकावर, कोण मागे. कोणाचे उच्चार शुद्ध, कोणाचे घरचे. कोणाला गणित 'झेपेल' आणि कोणाला नाही. घरी दखनी बोलणारी मुले आमच्याकडे येतात. त्यांना उर्दूच्या तासाला त्यांची उर्दू चुकीची आणि मराठीच्या तासाला त्यांची मराठी चुकीची असे ऐकावे लागते. मीही सुरुवातीच्या वर्षांत तसे बोलले आहे. बी. एड. करताना मूल समजून घ्या असे शिकवले होते. वर्गात उभे राहिल्यावर मात्र चाक तयारच असायचे, आणि मी फक्त कोणाचे पाय पोचतात ते पाहायचे. त्या मुलांचे पाय आखूड नव्हते. त्यांच्या बोलीपासून पुस्तकाच्या भाषेपर्यंत जी साखळी घालायला हवी होती, ती घालणे माझे काम होते. आता पहिल्या महिन्यात मी त्यांना त्यांच्याच बोलीत गोष्ट सांगायला लावते, फळ्यावर ती तशीच लिहिते आणि मग आम्ही सगळे मिळून ती पुस्तकी करतो. वेळ लागतो. पण मुले बोलू लागतात.

तरी एक गोष्ट मला भाच्यानेही शिकवली. साखळीची सोय असताना त्याला बिनसाखळीचे मोठे चाकच का हवे, असे मी विचारले. तो म्हणाला, "खाला, अवघड आहे म्हणूनच." हेही रास्त आहे. अवघड गोष्ट आपण होऊन निवडणे वेगळे आणि दुसरा मार्गच नसल्याने अवघडात अडकणे वेगळे. १८७५ च्या बुटक्या माणसाला पर्याय नव्हता. याला आहे. सोय उपलब्ध असली म्हणजे मग हौसेने कष्ट करायला मजा येते.

त्याच्या अब्बांनी २९ इंचीला होकार दिला आहे. ईदीचे साठवलेले पैसे आणि थोडी माझी भर. भिंतीवरची ६९ ची खूण मी पुसलेली नाही. पुढच्या सुट्टीत पुन्हा मोजायचे ठरले आहे. आणि हो, त्याच्या शेजारी खाली आणखी एक खूण आहे. त्याने हट्टाने माझेही माप घेतले: ६६ सेंटिमीटर. २४ इंची एकचाकी मला आरामात बसेल, असे त्याचे म्हणणे आहे. कैची चालवणाऱ्या मुलीला एवढे जमायला हरकत नाही, पण गल्लीत नको, शाळेच्या मैदानावर, सुट्टीच्या दिवशी, असे मी सांगून ठेवले आहे.